जग जवळ आले, पण कोणाच्या?

वक्तृत्व स्पर्धेच्या व्यासपीठावरून एक वाक्य वर्षानुवर्षे न चुकता ऐकू येते. विषय विश्वशांतीचा असो, विज्ञानाचा असो की आजच्या तरुणाचा असो, वक्ता मध्येच आवाज चढवतो आणि म्हणतो, "आज जग जवळ आले आहे!" श्रोते टाळ्या वाजवतात, परीक्षक मान डोलावतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. हे वाक्य इतके गुळगुळीत झाले आहे की ते खरे आहे की नाही हे तपासावे असेही कोणाला वाटत नाही. जवळ आले म्हणजे किती जवळ आले? कोणाच्या जवळ आले? जे जग मुंबईतील मनुष्याच्या जवळ आले, तेच सावंतवाडीच्या किंवा भामरागडच्या मनुष्याच्याही जवळ आले काय?

मोठी विधाने तपासायची असतील तर ती एखाद्या लहान आणि मोजता येण्याजोग्या गोष्टीवर घासून पाहावीत. म्हणून जगाचे राहू द्या. आपण दोनच शहरे घेऊ. मुंबई आणि लंडन. ही दोन शहरे घेण्यास कारण आहे. गेली सुमारे दोनशे वर्षे महाराष्ट्रातील माणूस न्याय मागण्यासाठी, विद्या मिळवण्यासाठी, राजकारणासाठी आणि पोटासाठी या वाटेने जात आला आहे. या एका वाटेचा इतिहास नीट पाहिला, तर अंतर म्हणजे काय आणि वेळ म्हणजे काय, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे हाती लागतील असे आम्हाला वाटते.

प्रथम अंतर पाहू. आपल्या भूगोल विभागातील पृथ्वीगोल घ्यावा आणि मुंबईवर एक व लंडनवर एक बोट ठेवून मध्ये दोरा ताणावा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी लावून रेघ ओढली तर ती अरबी समुद्र ओलांडून इराण, इराक, सीरिया आणि तुर्कस्तान यांवरून जाते. गोलावरचा दोरा मात्र बराच उत्तरेकडे सरकतो. सौराष्ट्र आणि कच्छ ओलांडून तो जवळजवळ कराचीच्या डोक्यावरून जातो. मग बलुचिस्तान, इराण, कास्पियन समुद्राचा दक्षिण काठ, कॉकेशस पर्वताचा प्रदेश, काळा समुद्र, युक्रेन आणि जर्मनी असा प्रवास करीत लंडनला पोचतो. पृथ्वी वाटोळी असल्यामुळे हाच सर्वांत जवळचा मार्ग होय. त्याची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. हा आकडा शिवकाळातही तेवढाच होता आणि उद्याही तेवढाच राहील. निसर्गाने या दोन शहरांमध्ये जेवढे अंतर घातले ते एवढेच, आणि ते कोणाही राजाला वा शास्त्रज्ञाला एका हाताने कमी करता आलेले नाही.

आता वेळ पाहू. आजचे प्रवासी विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडते. सरळ भागाकार केला तर आठ तास येतात. परंतु विमान काही भागाकाराने उडत नाही. त्याला धावपट्टीपर्यंत जायचे असते, उंची गाठायची असते, उतरताना रांगेत थांबायचे असते, आणि वाटेत वारा असतो. या अक्षांशांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यामुळे मुंबईहून लंडनला जाताना विमान वाऱ्याविरुद्ध जाते आणि येताना वारा त्याला पाठीमागून ढकलतो. जाताना साडेनऊ-दहा तास लागतात. येताना बहुधा पाऊण-एक तास वाचतो. अंतर तेच, विमान तेच, तरी जाण्याचा वेळ निराळा आणि येण्याचा निराळा.

घड्याळाची गंमत आणखी वेगळी आहे. हिवाळ्यात आपले घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढे असते. दुपारी दोन वाजता मुंबई सोडली आणि दहा तासांनी उतरलो, तर लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. घड्याळ म्हणते, साडेचारच तास झाले! उलट रात्री नऊला लंडन सोडून नऊ तासांनी मुंबईत उतरावे, तर दुसऱ्या दिवशीचे साडेअकरा वाजलेले असतात. घड्याळाने जाताना दिलेले साडेपाच तास येताना वसूल करून घेतलेले असतात. फुकट काहीच मिळत नाही हा धडा अर्थशास्त्राच्या वर्गाइतकाच येथेही लागू पडतो.

येथवर सर्व निसर्गाचे आणि गणिताचे झाले. आता माणसाकडे येऊ, कारण खरी गोष्ट तेथे सुरू होते.

सुएझचा कालवा होण्यापूर्वी मुंबईहून लंडनला समुद्रमार्गे जायचे म्हणजे संपूर्ण आफ्रिकेला वळसा घालावा लागे. तो मार्ग सुमारे वीस हजार किलोमीटरचा. शिडाच्या जहाजाला त्यासाठी कित्येक महिने लागत. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा खुला झाला आणि सागरी अंतर साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास आले. पृथ्वी होती तेवढीच राहिली. माणसाने कुदळीने वाट बदलली. विसाव्या शतकाच्या आरंभी आगबोटीचा प्रवास साधारणपणे तीन-साडेतीन आठवड्यांचा होता. जून १९०६ मध्ये मुंबईहून निघालेले सावरकर जुलैच्या आरंभी लंडनला पोचले, यावरून त्या काळच्या प्रवासाची कल्पना येईल.

मग विमान आले. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने लंडन ते कराची अशी हवाई वाहतूक सुरू केली. प्रवास सात दिवसांचा होता, आणि 'हवाई' म्हटला तरी स्वित्झर्लंडमधील बाझल ते इटलीतील जिनोआ हा टप्पा चक्क आगगाडीने करावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी लहानशा पस मॉथ विमानातून कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर विमान उतरवले, आणि लंडनची टपालवाट मुंबईपर्यंत आली. पुढे स्वातंत्र्य मिळाल्यावर ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला पोचले. महिन्याचा प्रवास आठवड्यावर आणि आठवड्याचा प्रवास सुमारे एका दिवसावर आला. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि दिवसाचे तास झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९६० च्या त्या जेट विमानाचा वेग आणि आजच्या नव्याकोऱ्या विमानाचा वेग यांत म्हणण्यासारखा फरक नाही. आज विमाने मध्ये न थांबता जातात, इंधन कमी खातात, अधिक माणसे नेतात. पण ती अधिक वेगाने जात नाहीत. ध्वनीपेक्षा वेगवान असलेले काँकॉर्ड १९७६ पासून प्रवाशांना नेऊ लागले आणि २००३ मध्ये बंदही झाले. म्हणजे गेल्या सहा दशकांत 'जग जवळ आणण्याचे' यंत्राचे काम जवळजवळ थांबलेले आहे. असे असूनही प्रवासाचा वेळ या काळात कधी कमी झाला, कधी वाढला. तो कोणी कमीजास्त केला?

उत्तर सरळ आहे. माणसाने.

तो गोलावरचा दोरा पुन्हा डोळ्यांसमोर आणावा. तो कराचीवरून जातो, इराणवरून जातो, युक्रेनवरून जातो. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सत्ता असते. आकाश मोकळे असते असे कवी म्हणतात. वैमानिक असे म्हणू शकत नाही. त्याला प्रत्येक देशाच्या वेशीवर परवानगी लागते. आणि ही गोष्ट आजची नाही. इंपीरियल एअरवेजची विमाने प्रथम इराणच्या किनाऱ्याने येत. त्या सरकारची परवानगी पुढे मिळेना, तेव्हा १९३२ मध्ये सगळा मार्ग उचलून आखाताच्या पलीकडच्या अरबी किनाऱ्यावर, शारजाकडे न्यावा लागला. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद पडला तो थेट १९७५ मध्ये उघडला. ती आठ वर्षे मुंबईहून युरोपला जाणाऱ्या जहाजांना पुन्हा आफ्रिकेचा वळसा पडला. शंभर वर्षांपूर्वी कुदळीने जवळ आणलेले लंडन तोफांनी पुन्हा दूर नेले!

अगदी अलीकडचे पाहा. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश भारताच्या वाहतुकीला बंद राहिले. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला आणि अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नास उतरावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा आपले आकाश बंद केले, आणि आपणही त्यांना आपले बंद केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले त्या दिवसापासून युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात युद्ध पेटले तेव्हा इराणचेही आकाश काही काळ मिटले. म्हणजे आमच्या त्या दोऱ्यावरची तीन मोठी गावे एका वर्षात निरनिराळ्या कारणांनी निषिद्ध ठरली होती. ७,२०० किलोमीटर हा आकडा अशा वेळी पुस्तकातच राहतो.

कोणी म्हणेल, राष्ट्राच्या संरक्षणापुढे तास-दोन तासांचे काय घेऊन बसलात? हे म्हणणे खोटे नाही. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवरून जाणारे मलेशियन विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे मृत्युमुखी पडली. जानेवारी २०२० मध्ये तेहरानहून उडालेले युक्रेनचे विमान असेच पाडले गेले, त्यात १७६ माणसे गेली. युद्धभूमीवरून प्रवासी नेण्यापेक्षा दोन तास वळसा घालणे केव्हाही शहाणपणाचे. आमचे म्हणणे एवढेच आहे की हे दोन तास निसर्गाने वाढवलेले नाहीत. ते माणसांच्या वैराचे तास आहेत, आणि त्यांचे मोल तिकीट काढणारा प्रत्येक प्रवासी भरत असतो. वेळापत्रकात ते 'प्रवासाचा वेळ' म्हणून छापले जातात, एवढेच.

परंतु येथपर्यंतचा सारा विचार विमानात बसलेल्या मनुष्याचा झाला. विमानात बसण्यापूर्वीचे काय? आमच्या मते खरे अंतर तेथेच दडलेले आहे, आणि आपला इतिहास त्याची साक्ष देतो. तीन माणसांची उदाहरणे घेऊ.

पहिले रंगो बापूजी. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी विलायतेस गेले. त्या काळी हा प्रवास दिव्यच होता. शिवाय समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, अशी सिंधुबंदीची समजूत समाजात घट्ट बसलेली. ते दिव्य करून मनुष्य लंडनला पोचला. आणि मग? मग तो सुमारे चौदा वर्षे तेथेच बसला! अर्ज केले, सभा घेतल्या, कंपनीच्या भागधारकांपुढे गाऱ्हाणे मांडले. १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीस वारले, १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले, तरी न्याय काही मिळाला नाही. अखेर रिकाम्या हाताने परत यावे लागले. साताऱ्याहून लंडन काही महिन्यांच्या अंतरावर होते. लंडनमधल्या त्या कचेरीचा दरवाजा मात्र चौदा वर्षांनीही गाठता आला नाही.

दुसरे लोकमान्य टिळक. १९१८ च्या वसंतात होमरूलच्या शिष्टमंडळाबरोबर ते विलायतेस जाण्यास निघाले आणि कोलंबोपर्यंत पोचले. तेथे सरकारने परवानगी रद्द केली. आगबोट होती, भाडे होते, समुद्रही होता, कागद नव्हता. शिष्टमंडळाला परत फिरावे लागले. पुढे चिरोलवरील खटल्यासाठी जाण्याची मुभा मिळाली तेव्हा सप्टेंबरात मुंबई सोडून ते ऑक्टोबरच्या अखेरीस लंडनला पोचले. एकाच वर्षात एकाच मनुष्याला लंडन एकदा अशक्य झाले आणि एकदा दीड महिन्यावर आले. यात भूगोल कोठे आहे?

तिसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१६ मध्ये ते न्यूयॉर्कहून लंडनला आले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यासाला लागले. परंतु बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईला परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली. तिला शाहू महाराजांच्या साहाय्याची आणि एका मित्राकडून घेतलेल्या कर्जाची जोड मिळाली, तेव्हा कोठे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले आणि १९२३ मध्ये त्यांनी डी. एस्‌सी. ही पदवी मिळवली. आगबोटीला तीन आठवडे लागत असतील. त्यांना मुंबई ते लंडन हे अंतर कापायला तीन वर्षे लागली. ती तीन वर्षे समुद्राची नव्हती, पैशाची होती.

न्याय, कागद आणि पैसा! या तीन गोष्टींनी अंतर वाढते. त्यांच्यावर कोणत्याही विमानाचा उपाय चालत नाही.

"हा जुना काळ झाला, आज आपण स्वतंत्र आहोत," असे कोणी म्हणेल. म्हणून आजचे पाहू. १९६० मध्ये जेट विमान आले हे वर सांगितले. त्या वेळी भारतासारख्या राष्ट्रकुलातील देशाच्या नागरिकाला ब्रिटनमध्ये जाऊन राहण्यास कायद्याने अडकाठी नव्हती. १९६२ मध्ये तेथील संसदेने पहिला निर्बंध घालणारा कायदा केला. तरीही पाहुणा म्हणून जाणाऱ्या भारतीयाला आधी व्हिसा घ्यावा लागत नसे. तो १९८६ पासून लागू झाला. गंमत पाहा, विमान जवळ येत होते तसतसा दरवाजा लांब जात होता! हात केवळ परक्याचाच होता असेही नाही. आपल्याकडेही पासपोर्ट देणे-न देणे हे एके काळी सरकारच्या मर्जीवर होते. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सांगितले, तेव्हा त्यासाठी रीतसर कायदा झाला.

आज आपल्या महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याने लंडनला जायचे ठरवले तर त्याला किती वेळ लागेल? विमान कंपनी म्हणेल, दहा तास. आपण पहिल्यापासून मोजू. पासपोर्टचा अर्ज, पोलिसांची चौकशी, मग व्हिसाचा अर्ज, बोटांचे ठसे देण्यासाठी शहराची खेप. पाहुण्याच्या व्हिसाचा निर्णय व्हायला साधारणपणे तीन आठवडे धरतात. शिक्षणासाठी जायचे असेल तर खर्चाची रक्कम बँकेच्या खात्यावर सलग २८ दिवस पडून असल्याचे दाखवावे लागते. सहा महिन्यांहून अधिक राहायचे असेल तर क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो. तीन आठवडे आणि २८ दिवस. हे आकडे ओळखीचे वाटतात ना? १९०६ च्या आगबोटीला एवढाच वेळ लागत होता! म्हणजे आगबोट बंद पडलेली नाही. ती आता समुद्रावर चालत नाही, कचेरीत चालते, एवढाच फरक. जुन्या आगबोटीवर निदान समुद्राचा वारा तरी खायला मिळत असे, आणि भाडे भरले की ती आपल्याला पोचवीत असे. ही आगबोट भाडे घेते आणि 'नाही' म्हणून परतही पाठवते.

लंडनहून मुंबईला यायचे असेल तर? तेथील प्रवाशालाही आपला व्हिसा लागतोच. न्यायाने बोलायचे तर हेही सांगितले पाहिजे. परंतु त्याचे काम बहुधा घरबसल्या काही दिवसांत उरकते, आणि तिकिटाच्या पैशासाठी त्याच्या बापाला जमीन गहाण टाकावी लागत नाही. मघाशी आपण वाऱ्यामुळे जाण्याचा आणि येण्याचा वेळ निराळा असतो असे पाहिले. हा दुसरा वारा त्याहून जोरदार आहे. तो एकाच दिशेच्या प्रवाशाला पाठीमागून ढकलतो आणि दुसऱ्याच्या तोंडावर येतो.

आणखी एक अंतर राहिले, ते आपल्या घरापासून मुंबईच्या विमानतळापर्यंतचे. सावंतवाडी ते मुंबई हा रस्ता सुमारे पाचशे किलोमीटरचा. रात्रीच्या एस.टी.ने तो काटायला दहा-बारा तास सहज लागतात. म्हणजे घर ते मुंबई आणि मुंबई ते लंडन हे दोन्ही प्रवास वेळेने जवळजवळ सारखे! मैलांनी एक दुसऱ्याच्या चौदापट आहे, तासांनी मात्र बरोबरीचा. आणि हे तरी कोकणचे झाले. गडचिरोली जिल्ह्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण कित्येक पावसाळे वाचत आलो आहोत. पूर ओसरेपर्यंत तेथील रुग्णाला तालुक्याबाहेरचा दवाखानाही दूर असतो. लंडनची गोष्ट त्याच्यापुढे काढणे म्हणजे थट्टाच. दहा तासांत लंडन गाठणारा आणि दोन दिवस नदीकाठी थांबलेला हे दोघेही एकाच वर्षात, एकाच राज्यात राहतात. 'जग जवळ आले' हे वाक्य यांपैकी कोणाच्या तोंडी शोभेल?

या सर्वांवरून विमान वाईट, प्रवास व्यर्थ, असा निष्कर्ष कोणी काढू नये. आम्हाला विज्ञानाचे ऋण मान्य आहे. आई आजारी असल्याचा निरोप आल्यावर लंडनमधील मुलगा दुसऱ्या दिवशी तिच्या उशाशी बसू शकतो, ही गोष्ट लहान नाही. आगबोटीच्या काळात अशी कित्येक मुले दहाव्या-तेराव्यालाही पोचत नसत. परंतु ज्याला तातडीने यायचे असते त्याला तिकिटाचा भाव सर्वांत महाग पडतो आणि व्हिसाचा कागद संपत आलेला असला तर परत जाता येईल की नाही, या चिंतेने तो निघू शकत नाही, हेही तितकेच खरे आहे. यंत्राने आपले काम केले. उरलेले काम माणसांचे आहे, आणि ते आपण यंत्राच्या कौतुकाखाली झाकून ठेवतो. आमची तक्रार यंत्राविषयी नसून या झाकण्याविषयी आहे.

मग करावे काय? राष्ट्रांची भांडणे आपण महाविद्यालयात बसून मिटवणार नाही, हे उघड आहे. परंतु आपल्या हातातल्या तीन गोष्टी आहेत. पहिली, भाषेची. आपण कला शाखेचे विद्यार्थी शब्दांशी खेळतो, तेव्हा शब्दांचा हिशेब ठेवणे हे आपलेच काम आहे. 'प्रवासाचा वेळ' म्हणजे घराच्या उंबऱ्यापासून मुक्कामाच्या उंबऱ्यापर्यंतचा वेळ, कागदांसह आणि कर्जासह, असा अर्थ आपण धरू लागलो तरी पुष्कळ भ्रम दूर होतील. दुसरी गोष्ट मदतीची. पासपोर्ट कसा काढावा, शिष्यवृत्त्या कोणत्या, त्यांच्या तारखा कोणत्या, हे शहरातील मुलाला घरात किंवा शेजारी कळते. खेड्यातून आलेल्या मुलाला ते सांगणारे कोणी नसते, आणि तारीख उलटून गेल्यावर त्याला जाहिरात दिसते. आपल्या ग्रंथालयात एका टेबलावर ही माहिती नीट मांडून ठेवायला आणि आठवड्यातून एक तास एखाद्या प्राध्यापकांनी तेथे बसायला फार खर्च येणार नाही. तिसरी गोष्ट मागणीची. परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या आहेत. त्यांतील एकीला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. त्या नावाला शोभेल असे काम करायचे, तर शिष्यवृत्तीचा निकाल आणि तिकडच्या विद्यापीठातील प्रवेशाची मुदत यांचा मेळ बसलाच पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी एका अलौकिक विद्यार्थ्याला पैशासाठी तीन वर्षे थांबावे लागले. त्यांनी ती वर्षे वाया जाऊ दिली नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. आजच्या साध्या, तुमच्या-आमच्यासारख्या विद्यार्थ्याने तेवढाच मोठेपणा दाखवावा, अशी अपेक्षा धरण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर. हे अंतर पृथ्वीने ठरवले, आणि त्याबद्दल कोणाशी भांडण नाही. लागणारा वेळ मात्र माणसांनी ठरवलेला आहे. त्यातला काही वैराचा, काही कागदाचा, काही पैशाचा. जे माणसांनी ठरवले ते माणसांना बदलता येते. म्हणून पुढच्या वक्तृत्व स्पर्धेत एखाद्या मित्राने "जग जवळ आले आहे" असे म्हटले, तर टाळी वाजवण्यापूर्वी त्याला एकच प्रश्न विचारावा : कोणाच्या, किती तासांत आणि किती कागदांनी? त्याला याचे उत्तर देता आले तर टाळी जरूर द्यावी.